मुठीतली लोंबी

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाच्या २३ हजारांहून अधिक वाणांचे बियाणे जपून ठेवले आहे. या ठेव्याचा पाया घातला डॉ. राधेलाल रिछारिया यांनी. १९७०च्या दशकात त्यांनी गावोगावचे हजारो नमुने नावानिशी गोळा केले. २००२ मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी या ठेव्याबाबत करार होऊ घातला, तेव्हा छत्तीसगडची माणसे रस्त्यावर उतरली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. बियाणे राहिले. ते ओळखणारी नजर मात्र हातची चालली आहे.

रिछारियांनी जमवलेले वाण शेतकऱ्यांनी घडवले होते, आणि तेही बरेचसे कापणीच्या वेळी. विळ्याने कापताना प्रत्येक मूठ डोळ्यांखालून जाते. एखादी लोंबी जास्त भरलेली, एखादी आठवडाभर आधी पिकलेली, एखादीचे कुसळ लांब, टरफल काळसर. वेगळी दिसली की ती बियाण्यासाठी बाजूला पडायची. करगा, म्हणजे रानधान, कोवळेपणी अगदी धानासारखा दिसतो. पिकल्यावर हात लागताच त्याचे दाणे झडतात, म्हणून कापताना तोही ओळखून बियाण्याबाहेर ठेवता यायचा. मजुरीच्या खर्चाने गांजलेला शेतकरी हार्वेस्टर बोलावतो, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण यंत्राच्या टाकीत सगळे धान एक होते आणि निवड तिथेच संपते.

अशा जुन्या वाणांपैकी एक म्हणजे सुगंधी दुबराज. तो उंच वाढतो, उशिरा पिकतो, वाऱ्यात लोळतो. सरकारी खरेदीत क्विंटलमागे ३१०० रुपये मिळतात, सुगंधाचे वेगळे काही नाही. मग तो मागे पडणारच. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साथीने त्याचा बुटका, लवकर येणारा वाण निघाला, २०२३ मध्ये नगरीच्या दुबराजला भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्ही कामे मोलाची आहेत. तरी हा तांदूळ मागून घेणारी घरे नसतील, तर तो शेतकऱ्याने कोणासाठी लावायचा?

म्हणून रायपूरच्या शाळांना आणि इथल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. गुंठाभर जागा काढा, दुबराज किंवा विष्णुभोगासारखा सुगंधी धान लावा. आषाढात पेरा, मार्गशीर्षात मुलांच्या हाती विळे द्या. मोठ्यांनी सोबत उभे राहावे. कापू द्या, झोडू द्या, सुपाने पाखडू द्या. एका माणसाच्या भाताला तीस-चाळीस लोंब्या सहज लागतात, हे मुलांना तिथे मोजून कळेल. आणि घरी नेण्याआधी सर्वांत भरलेल्या लोंब्या त्यांच्याकडूनच निवडून घ्या, पुढच्या पेरणीसाठी.