दृश्य कोणाच्या खात्यावर?

खिडकी ही वस्तू माणसाने हवा यावी म्हणून शोधून काढली असे म्हणतात; पण तिचा खरा उपयोग भांडण व्हावे हाच असावा. एस.टी.त खिडकी मिळवण्याची रीत सरळ आहे. बाहेरून रुमाल आत टाकायचा आणि मग दारातून रुमालामागोमाग जायचे. रुमाल ज्याचा, खिडकी त्याची! विमानाची खिडकी उघडत नाही, म्हणून तिथे रुमालाऐवजी पैसे टाकावे लागतात.

पण नुसते पैसे टाकून भागत नाही, अभ्यासही लागतो. दिल्लीहून काठमांडूला जाताना विमानाचे तोंड साधारण पूर्वेला, म्हणजे हिमालय डाव्या हाताला. वाटेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन खुर्च्या असलेल्या विमानात डावी खिडकी ‘ए’ आणि उजवी ‘एफ’. तेव्हा जाताना ‘ए’ घ्यावी, येताना ‘एफ’. पंखावरची रांग टाळावी, नाहीतर अन्नपूर्णेऐवजी पत्र्याचे पठार पाहत बसावे लागते. काही बोइंग ७३७ विमानांत तर एखादी खुर्ची खिडकीची असते, पण तिला खिडकीच नसते. तिथल्या भिंतीतून वातानुकूलनाची नळी गेलेली असते. आमच्या भाषेत, खाते आहे पण शिल्लक नाही!

आकाश स्वच्छ असले, की धवलगिरी (८,१६७ मीटर), अन्नपूर्णा (८,०९१) आणि मनास्लू (८,१६३) ही वरिष्ठ मंडळी एकामागून एक दर्शन देतात. इतके वरिष्ठ एकाच वेळी जागेवर सापडणे आमच्या बँकेतही दुर्मीळ.

इथवर भूगोल झाला. नीतिशास्त्र पुढेच आहे.

एकदा याच मार्गावर मी वाटेकडच्या खुर्चीत होतो. मधल्या खुर्चीत नऊवारी नेसलेल्या एक आजी, पशुपतिनाथाला निघालेल्या. पहिलाच विमानप्रवास. खिडकीशी एक तरुण. विमान वर गेले तशी त्याने खिडकीची झडप खाली ओढली आणि डोळे मिटले. उड्डाण करताना आणि उतरताना झडप उघडी ठेवायची असा नियम आहे. काही विपरीत घडले तर बाहेरचे दिसावे म्हणून. चांगले घडत असताना उघडी ठेवायचा नियम मात्र कोणी केलेला नाही.

थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितले, डावीकडे हिमशिखरे दिसत आहेत. उजवीकडची माणसे माना लांब करू लागली. आणि डावीकडे बसलेल्या आजी त्या पांढऱ्या झडपेकडे पाहत होत्या.

“आजी, उठवू का त्याला?”

“नको हो. पैसे भरलेत त्यानं. आणि दमलं असेल लेकरू.”

आता सांगा, काय करावे? त्याचा झोपेचा हक्क खरा, पावतीही खरी. पण झोप काठमांडूतही मिळते, धवलगिरी दहा मिनिटांत मागे पडतो. आणि आजी पुन्हा विमानात कधी बसणार? शिवाय त्या स्वतः कधीच मागणार नव्हत्या. ज्याला मागता येत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने मागावे की गप्प बसावे? मी हात लांब करून त्याच्या खांद्याला हलकेच स्पर्श केला आणि म्हटले, “साहेब, हिमालय आलाय.”

त्याने डोळे उघडले, आजींकडे पाहिले, काही न बोलता झडप वर केली आणि स्वतः पाठीला पाठ लावून मागे सरकून बसला. आजींनी बसल्या जागी हात जोडले. पशुपतिनाथाचे निम्मे दर्शन तिथेच झाले असावे.

मला विचाराल तर पैसे खुर्चीचे घेतात. पावतीवर डोंगराचा उल्लेख नसतो. खिडकीत बसणारा हा त्या दृश्याचा मालक नव्हे, कॅशियर. आमच्या कॅशियरच्या हातून दिवसभरात लाखो रुपये जातात, त्यातला एकही त्याचा नसतो. त्याला दमायचा हक्क आहे; पण समोर रांग असताना तो खिडकी लावून झोपला, तर तुम्ही ‘दमलं असेल लेकरू’ म्हणाल?

आता उजेडाने झोपमोड होते हे मान्य. त्यावर उपाय आहे. रुमाल डोळ्यांवर टाकावा. खिडकीवर टाकू नये.