आपल्या वाट्याचे वैराग्य



गेल्या वैशाखात आमच्या घरातल्या माऊलीला जाऊन वर्ष झाले. मुलांनी पुण्यस्मरणाचे कीर्तन ठेवले. पत्रिका छापायच्या वेळी थोरल्याने विचारले, "अण्णा, कीर्तनाला तुम्हीच उभे राहता का?" मी नाही म्हणालो. गुडघे आता तासभरही उभे राहू देत नाहीत, हे एक कारण होते. दुसरे कारण मी त्याला सांगितले नाही. ते इथे मांडतो, कारण परमार्थ करणाऱ्या पुष्कळ घरांशी त्याचा संबंध आहे.

चाळीसहून अधिक वर्षे मी कीर्तने केली. दहाव्याची प्रवचने किती केली याची तर गणतीच नाही. नदीकाठी बसलेल्या दुःखी मंडळींना मी गीतेचा दुसरा अध्याय सांगत असे. ज्ञाते पुरुष गेलेल्याचा शोक करीत नाहीत आणि असलेल्याचाही करीत नाहीत, असे भगवंत अर्जुनाला सांगतात. ज्ञानेश्वरमाऊलींनी तोच अर्थ आपल्या भाषेत उलगडून ठेवला. हे सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. आणि आता पहाटे काकड्याच्या वेळेला जाग येते, शेजारची खाट रिकामी दिसते आणि डोळे भरून येतात. आळंदीला माझ्याबरोबर शिकलेले एक बुवा भेटायला आले होते. माझी अवस्था पाहून हसत म्हणाले, "बुवा, लोकांना जे सांगितले ते आता स्वतःही ऐका." थट्टेतच म्हणाले, पण ते मला लागले.

तेव्हापासून एक प्रश्न घेऊन बसलो आहे. गेलेल्या पत्नीची रोज आठवण येणे, हा मोह की स्मरण?

नवविधा भक्तीत स्मरण तिसरे. म्हणजे आठवणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. देवही ज्या मनाने आठवायचा तेच हे मन. तेव्हा दोष असलाच तर तो आठवण्यात नसून, त्या आठवणीत काय आहे, यात असला पाहिजे. म्हणून मी माझी आठवण उघडून पाहायला बसलो, जशी एखादी पेटी उघडावी.

पहिल्या चार-सहा महिन्यांत त्या पेटीत काय होते? सकाळचा चहा वेळेवर मिळत नाही. औषधाची वेळ सांगणारे कोणी नाही. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी सुनबाई करते, पण ती चव नाही. धुतलेले धोतर कुठे ठेवले ते सापडत नाही. माऊली, मला लाज वाटली. या सगळ्या आठवणीत मीच होतो, ती कुठेच नव्हती. मी माझ्या गेलेल्या सोयीसाठी रडत होतो. याला शास्त्र मोह म्हणते आणि बरोबर म्हणते. भगवंताचा बोल मला लागू झाला तो इथे.

पण पेटीच्या तळाशी दुसरेही काही होते.

तुकोबारायांच्या चरित्रातला उसाचा प्रसंग आपणांस ठाऊक आहे. मोळी घेऊन निघालेले तुकोबा वाटेत पोरांना ऊस वाटीत येतात, घरी एकच ऊस उरतो, आणि जिजाई, म्हणजे आवली, तो त्यांच्याच पाठीत घालते. हा प्रसंग मी शेकडो वेळा रंगवला असेल. आवलीचा आवाज काढायचो, पदर खोचायची नक्कल करायचो. मंडप हसून लोळायचा. मृदंगवाला एक थाप मारायचा आणि मी पुढच्या चरणाकडे वळायचो.

एकदा आमच्याच गावच्या सप्ताहात असे कीर्तन झाले. रात्री घरी आलो. ती हंड्यातले पाणी पायावर घालायला पुढे आली. मी विचारले, "कसं झालं कीर्तन?" ती म्हणाली, "गडीमाणसं हसली. बाया हसल्या नाहीत. तुम्ही पाहिलं नाही." एवढेच बोलून आत गेली. मला वाटले, बायांना विनोद कळत नसेल. तो प्रसंग मी पुढेही तीस वर्षे तसाच सांगत राहिलो.

आता 1972 सालाची गोष्ट सांगतो. आमचे गाव गोदाकाठचे. पण त्या वर्षी गोदेच्या पात्रातही झिरे खणून पाणी काढावे लागत होते. दुष्काळी कामे निघाली. आमच्या शिवारात पाझर तलावाचे काम सुरू झाले. ती तिथे खडी फोडायला जाई. थोरला तेव्हा दीड वर्षाचा होता. बाभळीच्या फांदीला झोळी बांधून त्यात त्याला निजवी. कामावर सुकडी मिळे, ती पोरासाठी पदरात बांधून आणी. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरी थापत. त्या भाकरी तव्यावर मोडत, तरी ती तुकडे जुळवून माझ्या ताटात अख्खी वाटेल अशी ठेवी.

आणि मी? मी त्या वर्षी गावोगाव फिरून कीर्तनात 1630च्या सुमाराचा दुष्काळ सांगत होतो. त्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगा संताजी गेला. हे सांगताना मंडपातले एक माणूस रडल्याशिवाय राहत नसे. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी मी लोकांना रडवत होतो आणि माझ्या घरची बाई उन्हात दगड फोडत होती. तिच्या तळहातावरचे फोड मी पाहिले नव्हते असे नाही. पाहिले होते. पण आपण देवाच्या कामाला जातो आहोत, घरचे देव पाहील, अशी माझी समजूत होती. घरचे ती पाहत होती आणि श्रेय मी देवाला देत होतो.

तिला लिहिता येत नव्हते. कीर्तन आटोपून मी रात्री-अपरात्री आठ-दहा टाळकरी घरी घेऊन येई. तेवढ्यांचे पिठले-भाकरी करायला घरात पीठ नसे. मग ती शेजारून उसने आणी. किती शेर आणले त्याच्या रेघा चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने ओढून ठेवी आणि फेडले की ओल्या बोटाने पुसून टाकी. मी त्या भिंतीकडे पाहून म्हणायचो, "काय भिंत काळी केलीस!" तिने कधी उलगडा केला नाही. ती गेल्यावर शेजारच्या म्हातारीने सांगितले, तेव्हा कळले.

आपण तीन ऋणे सांगतो: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. त्या भिंतीवरचे ऋण यांपैकी कोणत्यात बसते? मी पुष्कळ शोधले. अन्नदाता म्हणून मंडळी मला हार घालीत, आणि अन्नाची उसनवारी ती एकटी फेडत होती.

इथे कोणी म्हणेल, "बुवा, असे म्हणाल तर संतांवरच बोट जाईल. संसार सुटल्याशिवाय परमार्थ कुठला? तुकोबांनीही घराकडे दुर्लक्षच केले ना?" हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. संतांचा न्याय करण्याची माझी पात्रता नाही. पण त्यांच्याच चरित्रातली एक गोष्ट मी नव्याने वाचली. तुकोबांच्या घरी सावकारीची दप्तरे होती. ती इंद्रायणीत बुडवायचे ठरले, तेव्हा त्यांनी आधी धाकटे बंधू कान्होबांचा अर्धा वाटा वेगळा काढून त्यांच्या हाती दिला. बुडवला तो फक्त आपला वाटा. ही कथा मी इतक्या वेळा सांगितली, पण तिचा हा अर्थ माझ्या ध्यानी आला नव्हता. वैराग्य आपल्या वाट्याचे करायचे असते. दुसऱ्याचा वाटा बुडवून केलेले वैराग्य, हे वैराग्य नव्हे. ती उसनवारी झाली. मी धन टाकले, घर टाकले, अशी फुशारकी मारीत होतो. टाकले ते तिच्या वाट्याचे होते. तिला कोणी विचारलेही नव्हते.

हे कळल्यावर मी आवलीकडे पुन्हा पाहिले. जी रागावते ती रोज भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगरही चढते. नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही, हा तिचा नेम. त्या वाटेवर तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला प्रत्यक्ष पांडुरंग आला, असे परंपरा सांगते. पाहा माऊली, ज्या देवाला ती तोंडभर शिव्या देत होती, त्याने तिचा पाय हातात घेतला. आम्ही कीर्तनकारांनी त्या शिव्या लक्षात ठेवल्या, काटा विसरलो.

पुढचे तर आम्ही सांगतच नाही. 1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. आमचे कीर्तन तिथे संपते, गुलाल-बुक्का उधळला जातो. आवलीचे घर मात्र तिथे संपत नाही. तिच्या पदरात लेकरे होती आणि पोटात नारायण होता. त्या मुलाने बापाचे तोंड पाहिले नाही. तोच नारायण मोठा झाला आणि 1685 साली त्याने तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदी आणि तिथून पंढरीची वाट धरली. आज लाखो वारकरी ज्या सोहळ्यात चालतात त्याचा आरंभ असा झाला. बाप ज्याने पाहिलाच नाही, त्या पोराच्या मनात बापाविषयी एवढी भक्ती कोणी पेरली असेल? घरात सांगणारी पहिली कोण असणार? ज्या बाईला आम्ही भांडकुदळ म्हणून मंडपात हसवायला उभी केली, तिच्या मांडीवर तो मुलगा वाढला. हे सांगताना कोणी हसणार नाही म्हणून आम्ही सांगितले नाही.

आमच्या घरातलीही वारीला आतुर असे. पण आषाढी येते ती पेरणीच्या दिवसांत. मी पताका घेऊन निघालो की शेत, गुरे, पोरे तिच्याकडे. मी परत आलो की माझ्या पायांवर डोके ठेवी. नवरा म्हणून नव्हे, पंढरीहून आलेला वारकरी म्हणून. माझ्या हातचा बुक्का कपाळाला लावी. पन्नाशी उलटल्यावर, घरात सून आल्यावर, तिने पहिली पायी वारी केली. पंढरीत पोचल्यावर ती विठ्ठलाच्या रांगेत न थांबता आधी मागच्या अंगाला रखुमाईकडे गेली. मी कारण विचारले. म्हणाली, "तिलाही कुणीतरी आधी भेटायला हवं."

एक गोष्ट राहिली. जन्मभर मी नामाचा महिमा सांगितला आणि तिला मात्र कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या पिढीत ती रीतच होती. मुलांना ती आई, नातवंडांना आजी, शेजारणींना थोरल्याची आई आणि मला "अगं". पुण्यस्मरणाच्या पत्रिकेत तिचे नाव छापलेले पाहिले तेव्हा क्षणभर वाटले, ही कोण?

तिच्याजवळ जात्यावरच्या ओव्या होत्या. मी कधी ऐकायला बसलो नाही. बायकांचे गाणे, असे म्हणून बाहेर ओट्यावर ग्रंथ वाचीत बसे. धाकट्या नातीने मात्र आजीच्या कुशीत पडून त्या मोबाइलमध्ये भरून घेतल्या. आता मी त्या संध्याकाळी ऐकतो. त्यात पांडुरंग आहे, तिचा भाऊ आहे, खडीची पाटी आहे, लेकाची झोळी आहे. शास्त्र शिकलेला मी. पण दगड फोडताना देव कसा आठवावा, हे तिला येत होते, मला आले नसते.

तर माझ्या प्रश्नाचे जे उत्तर मला सापडले ते असे. ज्या आठवणीत आपलीच गरज रडते, तो मोह. त्याला गीतेने झटकले तर झटकू द्यावे. पण ज्या आठवणीत गेलेले माणूस दिसू लागते, आणि त्याच्यासमोर आपण किती देणे लागतो हेही दिसते, ती आठवण सोडायची नसते. डोळ्यांत पाणी आले तरी चालेल. देवाचे स्मरण तरी दुसरे काय करते? अहंकार उतरवते. हे स्मरणही तेच करते.

पुण्यस्मरणाला मी उभा का राहिलो नाही, ते आता आपल्या ध्यानी आले असेल. उभा राहिलो असतो तर सवयीने वैराग्य सांगितले असते आणि लोकांनी मान डोलावली असती. त्या दिवशी मी मंडपात बायांच्या बाजूला, खांबाजवळ खुर्ची टाकून बसलो. बुवांनी छान कीर्तन केले. मध्ये आवली आली. गडीमाणसे हसली. मी बायांकडे पाहिले.

माऊली, आपण कीर्तनकार असाल तर पुढच्या वेळी त्या बाजूला जरूर पाहा. आणि आपल्या घरातली माऊली हयात असेल तर पुण्यस्मरणाची वाट पाहू नका. भिंतीवरच्या रेघा कसल्या, ते आजच विचारा. फेडणे होणार नाही. निदान ऋण आपल्या नावावर लिहून घेता येईल.

रामकृष्ण हरी.