त्रिशूळ आणि विभूती



गुरुबंधूंनो, दोन वर्षांपूर्वीच्या सप्ताहातली गोष्ट आहे. दत्तजयंतीला पाच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशीचं वाचन आटोपलं आणि सभामंडपात निरोप आला, ‘यंदा पालखी आमच्या गल्लीत आली, तर हातपाय मोडून परत पाठवू.’

निरोप धाडणारा पोरगा तिशीच्या आतला. आदल्या वर्षी तो खांदा द्यायला पुढे आला, तेव्हा आमच्यातल्या दोघांनी त्याला चारचौघांत ढकलून बाजूला केलं होतं. कारण काय, तर जुनी भाऊबंदकी, बांधाचं भांडण. आता त्याच्या गल्लीत दगड जमवलेत, असं कोणीतरी सांगितलं. संध्याकाळपर्यंत आमच्या पोरांनीही मंडपाच्या कोपऱ्यात काठ्या आणून ठेवल्या.

मी रागावलो. त्यावर एक जण म्हणाला, ‘काका, सकाळी तुम्हीच वाचलंत ना? महाराजांच्या हातात त्रिशूळ होताच की!’

सकाळी गुरुचरित्राचा दहावा अध्याय झाला होता. वल्लभेश ब्राह्मण नवस फेडायला कुरवपूरला निघतो आणि वाटेत चोर त्याचा शिरच्छेद करतात. श्रीपाद श्रीवल्लभ प्रकट होऊन चोरांना मारतात. एक चोर मात्र शरण येतो. मी नुसता यांच्या संगतीने आलो, हे मारतील हे मला ठाऊक नव्हतं, म्हणतो. महाराज त्याला अभय देतात, हाती विभूती देतात आणि त्याच्याकडूनच शीर धडाला जोडून घेतात. वल्लभेश उठतो, तेव्हा जवळ तो चोरच असतो.

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. त्रिशूळ आहेच. काठ्या उचलून मी घरी नेल्या खऱ्या, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्या कथेत माणसाच्या हाती त्रिशूळ कुठे येतो? येते ती विभूती, आणि तीही संगतीने आलेल्याच्या हाती. इतकी वर्षं वाचताना मी स्वतःला वल्लभेशाच्या जागी धरत आलो. त्या पोराला ढकललं, तेव्हा मी पालखीपासून चार हातांवर उभा होतो. काही बोललो नव्हतो.

सकाळी प्रथम पोलीस पाटलांना कळवलं. घरातून विचारणा झालीच, ‘महाराजांवर विश्वास आहे ना, मग पाटील कशाला?’ मला यात काही वावगं वाटत नाही. अंधारात फेकलेला दगड कोणालाही लागतो, अगदी त्याच्या आईलासुद्धा. डोकी फुटू द्यायची आणि मग दया दाखवायची, ही कुठली भक्ती?

मग एकटाच त्याच्या घरी गेलो. पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू! तो ‘बसा’ म्हणाला नाही. उंबऱ्याबाहेरूनच मी म्हणालो, ‘तुला ढकललं ते चुकलं. मी नुसता बघत राहिलो, तेही चुकलं. यंदा खांद्याला ये.’

‘आता सुचलं होय?’ एवढंच बोलून तो आत गेला.

जयंतीच्या रात्री पालखी त्या गल्लीत शिरली. कोपऱ्यावर पोलीस उभे होते. तो खांद्याला आला नाही. माडीवर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची आई मात्र तांब्या घेऊन खाली आली आणि खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालू लागली. पुढच्या खांद्याला त्या ढकलणाऱ्या दोघांपैकी एक होता. म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याच्याही पायांवर पाणी घातलं.

काठ्या अजून माझ्या माळ्यावर पडून आहेत. कोणी मागायला आलं नाही.