पाण्याचा तांब्या

आण्णा होते तोवर आईच्या बीपीच्या गोळ्या कधी संपल्या नाहीत. माढ्याच्या बाजाराला निघताना रिकामी पट्टी त्यांच्या खिशात असायची. त्यांना नाव वाचता यायचं नाही, मेडिकलवाल्यापुढं ते पट्टीच धरायचे. रात्री आई कुरकुरायची, "रोज रोज कशाला गोळी?" आण्णा काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढं ठेवायचे.

आण्णांच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही पैसा पाण्यासारखा ओतला. दुभती म्हैस विकली. कुणी हिशेब विचारला नाही. ते गेल्यावर वर्षभरात आईची एक बाजू लुळी पडली. तेव्हा कळलं, ती आधी दिवसाआड गोळी खायची, मग तीही बंद केली.

"कशाला रं तुला तोशीस? माझं आता काय राहिलंय?"

मी पुण्यात नोकरीला. दरमहा पैसे पाठवायचो. ते ट्रंकेत तसेच होते, नातीच्या लग्नासाठी म्हणून फडक्यात बांधलेले.

म्हणजे पैसा होता. हक्कही होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुलाइतकाच वाटा दिलाय. आईचं नाव सातबाऱ्याला लागलंय, उसाच्या बिलात तिचाही हिस्सा आहे. सरकारी दवाखान्यात बीपीची गोळी फुकट मिळते. पण स्वतःसाठी उठून तिथवर जावं, एवढी आपली किंमत आहे, असं तिला वाटेनासं झालं होतं.

2022 साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करायचा ठराव केला. फार मोठं काम झालं. पण कुंकवाबरोबर बाईच्या मनातलं आणखी काहीतरी पुसलं जातं. नवऱ्यासाठी नीट राहायचं, एवढंच तिला शिकवलेलं असतं. तो गेल्यावर नीट राहायचं कुणासाठी? याचं उत्तर 'स्वतःसाठी' असंही असतं, हे आपण तिला कधी सांगितलंच नाही.

दोष तिचा म्हणून मी सुटत नाही. फोनवर रोज विचारायचो, "जेवलीस का?" गोळीचं कधी विचारलं नाही. पैसे धाडले की लेकाचं कर्तव्य झालं, असं धरून चाललो. आजारी माणसाला पैसा लागतोच, पण 'तू आम्हाला हवी आहेस' हे रोज दाखवणारं कुणीतरी त्याच्याआधी लागतं.

आता रोज रात्री विचारतो. "घेतली की," ती म्हणते. खरं का खोटं, ते तांब्या पुढं ठेवणाऱ्यालाच कळायचं.