चोथा कोणाचा?

घरात कोणी आजारी पडले की मोसंबीचा रस काढून, गाळून दिला जातो. गाळणीत उरलेला चोथा ओल्या कचऱ्यात जातो. साखर, आम्ल, ‘क’ जीवनसत्त्व रसात उतरले, आता यात काही राम नाही, अशी सर्वांची खात्री असते. रटाळ झालेल्या विषयालाही ‘चावून चोथा झालेला’ म्हणतात, ते त्याच खात्रीतून.

नुसत्या मानवी शरीरापुरते हे खरे आहे. चोथ्यातले पेक्टिन, हेमिसेल्युलोज, सेल्युलोज फोडणारी एन्झाइम माणसाकडे नाहीतच. अन्नातली कर्बोदके पचवायला मानवी जनुकांत जेमतेम १७ एन्झाइमांची तरतूद आहे आणि ती पिष्ट व साध्या साखरांपाशीच थांबते. पेक्टिन लहान आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे पुढे सरकते.

पुढे मोठ्या आतड्यात मात्र त्याची वाट पाहणारे असतात. ‘बॅक्टेरॉइड्स थीटाआयोटाओमिक्रॉन’ या एकट्या जिवाणूकडे अशी २००हून अधिक एन्झाइम आहेत. पेक्टिनचा सर्वांत किचकट भाग १३ प्रकारच्या साखरा आणि २१ वेगवेगळे बंध यांनी विणलेला असतो. त्यातले २० बंध हा जिवाणू सोडवतो, हे २०१७ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले. एकेक गाठीला वेगळे एन्झाइम, तेही बऱ्याच अंशी ठरलेल्या क्रमाने.

इथे काम संपत नाही. सुटलेल्या साखरा आंबवून हे जिवाणू अ‍ॅसिटेट आणि प्रोपिओनेट तयार करतात. ‘फीकॅलिबॅक्टेरियम’सारखे शेजारी ते अ‍ॅसिटेट उचलतात आणि ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणारी सुमारे ७० टक्के ऊर्जा या ब्युटिरेटमधून मिळते. म्हणजे जो चोथा माणसाला पचत नाही, त्यावरच त्याच्या आतड्याचे अस्तर जगते. पचन ही एकट्या माणसाची करणी नाही. ते सामायिक खाते आहे.

मग चोथा पोहोचलाच नाही तर? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मानवी आतड्यातले निवडक जिवाणू पोटात वसवलेल्या उंदरांना तंतूविरहित आहार दिला गेला. जिवाणू उपाशी बसले नाहीत. त्यांनी आतड्यावरच्या संरक्षक श्लेष्म्यातल्या साखरा खायला सुरुवात केली. तो थर पातळ झाला आणि रोगजंतूंना आतड्याच्या भिंतीपर्यंत वाट मिळाली.

मोसंबी सोलताना फोडींवरचा पांढरा पापुद्राही निगुतीने काढून टाकला जातो. त्यातही पेक्टिन भरपूर असते.