उतारू

कृष्णेचा पूल जवळ आला की गाडीत एक छोटा विधी पार पडतो. मागच्या सीटवरची आजी काच खाली घ्यायला लावते, बटव्यातलं नाणं चाचपून काढते आणि कठड्याच्या वरून भिरकावते. गाडी चालवणारा स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीला लावतो. नाणं पाण्यात पडलं की कठड्याला आपटून रस्त्यावर आलं, हे कुणी बघत नाही. पूल संपतो, काच वर जाते, एसी पुन्हा लागतो.

आता यांना तीर्थ घडलं का?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण धर्मशास्त्रकारांनी त्याचा कसून विचार केलेला आहे. तीर्थयात्रेवरच्या निबंधग्रंथांत फळाचा हिशेब चक्क अपूर्णांकांत येतो. दुसऱ्यासाठी म्हणून जो तीर्थाला जातो, त्याला सोळावा हिस्सा. जो ‘प्रसंगाने’, म्हणजे दुसऱ्याच कामाला निघालेला असताना वाटेत लागलं म्हणून जातो, त्याला अर्धं. वाहनाचा मुद्दाही सुटलेला नाही. मत्स्यपुराणातलं प्रयागमाहात्म्य सांगतं की ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून तीर्थाला जातो, त्याची यात्रा निष्फळ. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली आला, त्यात या सगळ्या वादाची साग्रसंगीत नोंद आहे. आजीचं नाणं या कोष्टकात बसवायचं तर अर्ध्यावरही बरीच काटछाट करावी लागेल.

पण वाहनाला विरोध का, हे समजायला महाभारताच्या वनपर्वाकडे जावं लागतं. यज्ञाला साधनं लागतात, माणसं लागतात, राजाची तिजोरी लागते. दरिद्री माणसाने काय करायचं? त्याच्यासाठी तीर्थयात्रा, आणि तिचं फळ यज्ञाहूनही मोठं, असं तिथे सांगितलं आहे. ज्याच्याकडे फक्त दोन पाय आहेत त्याची ही सोय. तीही पालखी-घोड्यांवाल्यांनी बळकावली तर गरिबाच्या हाती राहिलं काय? शास्त्राचा राग चाकांवर नव्हता, चाकांसोबत येणाऱ्या तोऱ्यावर होता.

वनपर्वात युधिष्ठिराला चारही दिशांची तीर्थं सांगणारा पुरोहित धौम्य. वाईजवळच्या धोम गावाचं नाव याच धौम्य ऋषीवरून पडलं, अशी तिथली समजूत आहे. तेव्हा कृष्णाकाठच्या सहलीत तीर्थ घडलं का हा प्रश्न विचारायला वाईइतकी चांगली जागा नाही.

सातारा-सांगलीला समुद्र नाही. इथल्या माणसाने ‘काठ’ म्हटलं की तो कृष्णाकाठच असतो. क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते तेव्हा कृष्णेपासून अरबी समुद्र जेमतेम पासष्ट किलोमीटरवर असतो. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथल्याच पंचगंगेच्या देवळात उगम मानलेली सावित्री मात्र पश्चिमेला उडी घेते आणि महाडवरून थेट समुद्र गाठते. महाबळेश्वर ते सांगली हा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरचा. घाई असेल तर चार-पाच तासांचा, नसेल तर तीन दिवसही कमी पडतील असा.

पसरणीचा घाट उतरला की वाई. सात घाट, आणि गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेला ढोल्या गणपती. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागे नदीत उतरणारा घाट. या घाटावरच्या एका छोट्या देवळीत जाडजूड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे. ती मूळची वसईच्या चर्चची, चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली तेव्हा मराठ्यांच्या हाती लागलेली. ‘स्वदेस’ सिनेमातलं गाव म्हणून फोटो काढायला आलेली पोरंपोरी घंटेखाली उभी राहतात, कुणीतरी टोल देतं आणि लहान मूल कानांवर हात ठेवतं. ख्रिस्ताच्या प्रार्थनेसाठी ओतलेलं हे धातूचं भांडं कृष्णेकाठी येऊन आता कुणाच्या नावाने वाजतं, हा प्रश्न बहुधा कुणालाच पडत नाही. सगळे पुढच्या पायरीकडे बघत असतात, कारण पायऱ्या संपतात तिथे पाणी आहे.

इथे आपली भाषाच मदतीला येते. ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूचा, आणि त्याचा जुना अर्थ देऊळ असा मुळीच नाही. जिथून पाण्यात उतरता येतं, पलीकडे जाता येतं, ती जागा म्हणजे तीर्थ. थोडक्यात, पाणवठा. ‘तारणं’, ‘अवतार’, ‘उतरणं’ ही सगळी त्याच कुळातली. पूर ओसरला की गावकरी म्हणतात, ‘नदीला उतार पडला’. आणि रेल्वेच्या पाट्यांवर प्रवाशाला जो जुना मराठी शब्द असायचा, तोही याच घरचा: उतारू. आपण प्रवाशाचं नाव त्याच्या बसण्यावरून किंवा जाण्यावरून ठेवलं नाही, उतरण्यावरून ठेवलं. पुलावरून नाणं टाकणाऱ्या गाडीत सगळं असतं, श्रद्धासुद्धा असते. फक्त उतारू कुणी नसतो.

मग उतरलं की तीर्थ घडलं, असं म्हणून पुढे निघता येईल का? येत नाही, कारण याच सातारा जिल्ह्यातल्या एका प्रवासाची नोंद आडवी येते.

१९०१ साल. साताऱ्यात शिकणारा नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. पोरं नवे कपडे घालून रेल्वेने मसूरला उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. पोरं महाराची आहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्याला कबूल झाला, तेही पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचं या अटीवर. डबा भरलेला होता, पण पाणी कुठे मिळेना. रात्री जकातनाक्यावर पाणी मागितलं तर तेही नाही. पोरं उपाशीपोटी झोपली. हा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला.

ते उतारूच होते. उतरले, आणि पाण्यापर्यंत पोचू दिले गेले नाहीत. सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतलं. हे महाड सावित्रीकाठचं, कृष्णेच्या बहिणीच्या काठचं. तीर्थ म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा, हा शब्दाचा मूळ अर्थ इतका शब्दशः क्वचितच कुणी आचरणात आणला असेल. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्राधार घेऊन उभे राहिले, तेव्हा वादाच्या मुळाशी कुणाला उतरू द्यायचं हाच प्रश्न होता. तर्कतीर्थांच्या पदवीतही ‘तीर्थ’ आहेच.

म्हणून अर्ध्या फळाचा जुना हिशेब पुन्हा मांडायला हवा. ‘प्रसंगाने’ गेलेल्याला अर्धं, कारण त्याचं मन दुसरीकडे होतं, हे ठीक. पण वनपर्व तीर्थाचं फळ कुणाला मिळतं हे सांगताना हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहेत त्याचं नाव घेतं. त्यात वाहनाची अट नाही आणि जातीचीही नाही. रमतगमत निघालेल्या माणसाकडे नवस नसतो, संकल्प नसतो, पण एक गोष्ट भरपूर असते: थांबायला वेळ. संकल्प करून निघालेल्याकडे नेमका तोच नसतो.

समर्थांच्या अकरा मारुतींचंच बघा. चाफळ, उंब्रज, मसूरपासून बहे-बोरगाव आणि शिराळ्यापर्यंत सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत ते विखुरले आहेत. आता ते एका दिवसात ‘करता’ येतात. पहाटे निघायचं, यादीवर खुणा करत जायचं, रात्री घरी. हेतू शंभर टक्के धार्मिक. पण बह्याचा मारुती कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर, रामलिंगाजवळ आहे. तिथे नदी दोन्ही अंगांनी वाहते आणि दोन मिनिटं उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही. गाडीत बाकीचे हॉर्न वाजवत असतात, अजून तीन राहिलेत.

याच्या उलट कऱ्हाडचा प्रीतिसंगम. महाबळेश्वराच्या एकाच डोंगरावर जन्मून वेगळ्या वाटांनी निघालेल्या कृष्णा आणि कोयना इथे अगदी समोरासमोर येतात आणि मिळून पूर्वेला वळतात. बाजूला यशवंतराव चव्हाणांची समाधी. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कृष्णाकाठ’ हेच नाव दिलं होतं. संध्याकाळी इथे येणारा माणूस कशासाठी आला आहे हे त्यालाही सांगता येणार नाही. भेळेचा कागद हातात, नातवंड वाळूत, एखादी सासुरवाशीण नदीची ओटी भरतेय, आणि कुणी नुसताच दोन पाण्यांची रेघ कुठे पुसते ते शोधत बसलेला. सगळे प्रसंगाने आलेले. शास्त्राने यांचं मोजमाप करायचं ठरवलं तर पंचाईत होईल.

कृष्णाकाठचा खास देव दत्त, आणि तो स्वतःच पक्का भटक्या. परंपरेप्रमाणे त्याचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. त्याचे अवतार मानलेले नृसिंहसरस्वती पलूस तालुक्यातल्या औदुंबरला एक चातुर्मास राहिले, मग खाली कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला बारा वर्षं, आणि शेवटी भीमेकाठी गाणगापूरला. तिन्ही ठिकाणी मागे राहिल्या त्या पादुका: औदुंबरला विमल, वाडीला मनोहर, गाणगापूरला निर्गुण. हात, चेहरा, आयुधं काहीच नाही; पूजा होते ती चालून गेलेल्या पावलांची.

सांगलीत आल्यावर नदीकडे बघण्याची तऱ्हा बदलते. १९२९च्या आयर्विन पुलावर फुटांचे आकडे आहेत. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळजवळ माणसांना सुखरूप जागी नेणारी नाव उलटली. त्या आठवड्यात कुणी कृष्णेत उतरायला गेलं नव्हतं. कृष्णाच गल्ल्यांत, दुकानांत, माजघरांत आली होती. इथून थोड्याच अंतरावर, जिल्ह्याची हद्द ओलांडून, नृसिंहवाडी आहे. तिथे पाणी चढून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, तेव्हा त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. बातमी पसरते आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक धावत येतात. तोच पाऊस, तीच नदी. सांगलीतला माणूस आयर्विनवरचा आकडा बघून कपाटातली कागदपत्रं माळ्यावर चढवतो, आणि त्याचीच बहीण वाडीला निघायची तयारी करत असते. दोघांपैकी कुणालाच त्यात विसंगती दिसत नाही. दोघेही म्हणतात, कृष्णामाई आली.

उन्हाळ्यात मात्र वाडीचा घाट शांत असतो. पार्किंगमध्ये चपला गाडीतच ठेवून लोक निघतात आणि पहिल्याच फरशीला कळतं की ती तापलेली आहे. मग मोठी माणसं पावलं झपझप टाकतात, मुलं एका पायावर उड्या मारत ओरडतात, आजी पदर सावरत सावलीची कड धरून चालते. पेढे-कवठाच्या बर्फीची दुकानं मागे पडतात. पायऱ्या एकेक करून उतरत सगळे खालच्या ओल्या दगडावर येतात आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहतात. आजीच्या बटव्यात अजून एक नाणं असतं. या वेळी ती ते फेकत नाही, वाकून पाण्याखाली ठेवते.