दुसऱ्याच्या पोराची लढाई

लढाई व्हावी की होऊ नये हे शेतकऱ्याला कुणी विचारत नाही. ज्याला स्वतःच्या कांद्याचा भाव ठरवता येत नाही, तो लढाई काय ठरवणार? पण मत प्रत्येकाला असतं. २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या पारावर ते मत इतक्या मोठ्या आवाजात ऐकलं की तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. ती आता लिहून काढतो.

आमचा जिल्हा सातारा. इथं फौज म्हणजे पुस्तकातली गोष्ट नव्हे. आपशिंगे गावाला लोक मिलिटरी आपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली, म्हणून इंग्रजांनी तिथं स्तंभ उभारला. लढाई इंग्रजाची आणि जर्मनाची, कुंकू पुसलं गेलं ते आपशिंग्यात. कोरडवाहू मुलूख, पाऊस लहरी, वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे झालेले. मग घरटी एक पोरगा पलटणीत घालायचा ही रीत पडली. देशाचा अभिमान होताच, पण आधी भाकरी होती, आणि हे सांगायला लाजायचं कारण नाही. मी स्वतः दहावी झाल्यावर भरतीला उभा राहिलो होतो. छाती इंचभर कमी भरली. घरी आलो आणि बैलामागं लागलो.

२२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन पठारावर २६ माणसं मारली. धर्म विचारून गोळ्या घातल्या. त्यात सहाजण आपल्या महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला मुसलमान घोडेवालाही त्यांच्याबरोबर गेला. बायकापोरांना घेऊन चार दिवस हिंडायला गेलेली ही माणसं. याला उत्तर द्यायला नको होतं असं मी म्हणणार नाही. दारात येऊन मारणाऱ्यापुढं नुसते हात जोडून भागत नाही, एवढं अडाण्यालाही कळतं. मला खटकली ती आपल्याला त्या उत्तराची लागलेली चव.

७ मेच्या रात्री आपल्या फौजेनं नऊ ठिकाणी मारा केला आणि १० मेच्या संध्याकाळी सगळं थांबलं. मधल्या चार दिवसांत पारावर शेतीचं बोलणंच बंद झालं होतं. एका रात्री तर काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. पोरं शिट्ट्या मारत होती. पुढं कळलं की तसलं काही झालंच नव्हतं. फसवलं म्हणून कुणाला राग आला नाही. राग आला तो लढाई थांबली तेव्हा. "आत्ता कुठं रंगात आलं हुतं," असं एकजण म्हणाला. जत्रेत कुस्ती बरोबरीत सोडवली की लोक कुरकुरतात, अगदी त्याच सुरात. त्याच चार दिवसांत पूंछमध्ये तोफगोळे पडून आपलीच साधी माणसं मेली, लेकरंही मेली. त्यांच्यासाठी पारावर कुणी दोन मिनिटं गप्प बसलं नाही.

पाराच्या मागच्या आळीत एक घर आहे. तिथला थोरला पोरगा तेव्हा जम्मूकडं होता. हळद लावायला सुट्टी काढून येणार होता, ती रद्द झाली. मी सहज चौकशीला गेलो तर घरात टीव्ही बंद. म्हटलं, "वहिनी, बातम्या तरी लावा की." त्या म्हणाल्या, "भावजी, त्यात माजं पोरगं दिसणार हाय का?" आणि तांदूळ निवडत राहिल्या. शेजारी फोन ठेवला होता, चार्जरला लावलेला. पारावरची शिट्टी त्या घरात ऐकू जात होती.

आमच्या गावात एक सुभेदार तात्या आहेत. १९७१ ला पूर्व बंगालात होते. ९३ हजार पाकिस्तानी सैनिकांनी शरणागती पत्करली ती ही लढाई. मी तेव्हा शाळकरी पोर, रेडिओला कान लावून बसलेला. मोठं झाल्यावर तात्यांना खोदून खोदून विचारायचो. ते फार बोलत नसत. एकदा मात्र म्हणाले, "उभं भात हुतं रं. कापनीला आल्यालं. त्यातनं पलटन चालली. पायाखाली लोंब्या मोडत्याल्या ऐकू येत हुत्या." एवढंच. ती लढाई करायला हवी होती, तिथल्या गरिबांची कत्तल थांबली, याबद्दल तात्यांच्या मनात कधी शंका नव्हती. तरी चोपन्न वर्षांनी त्यांना आठवतं ते तुडवलेलं पीक. मे महिन्यात पोरांनी त्यांना फेटा बांधून पारावर बसवायचं ठरवलं, तर तात्या लेकीच्या गावाला निघून गेले.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून आपल्याला वाचायला मिळाली. त्यात अर्जुनाबद्दल विनोबांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला आहे. त्यानं शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेली असते. एक दिवस त्याचाच मुलगा खुनी म्हणून समोर येतो, आणि मग त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटायला लागते. अर्जुनाचं तसं झालं, असं विनोबा म्हणतात. तो काही अहिंसावादी झाला नव्हता. आपली माणसं दिसली म्हणून त्याला मोह पडला.

हे मला पटतं. पण नांगरामागं चालताना माणूस वाचलेलं उलटंपालटं करून बघतो. आपलं माणूस समोर दिसलं म्हणून धनुष्य खाली ठेवणं हा मोह असेल, तर आपलं कुणीच त्यात नाही म्हणून "सोडू नका, पुढं घुसा" ओरडणं हे काय आहे? तोही त्या न्यायाधीशाचाच मोह, मुलगा समोर यायच्या आधीचा. अर्जुन निदान रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करायला लावून बघत तरी होता. आम्ही पारावरून बघत होतो.

आमच्याकडं हातभर बांधासाठी सख्ख्या भावांची डोकी फुटतात. पण भांडण पेटलं की बघणारा कुणी "होऊ द्या" म्हणत नाही. म्हातारीकोतारी मध्ये पडतात, कारण फुटणारं डोकं कुणाचंही असलं तरी ओळखीचं असतं. देशाची सीमा म्हणजे बांध नव्हे, तिथं मध्ये पडायला गावकी नसते, हे मला कळतं. तरी फुटणारं डोकं अनोळखी असलं की आपला आवाज चढतो, हे खरं.

पहलगामला नौदलाचा एक तरुण अधिकारी मारला गेला. लग्नाला सहा दिवस झाले होते. त्याच्या बायकोनं पुढं सांगितलं की आम्हाला न्याय हवा आहे, पण त्यासाठी सगळ्या मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागं लागू नका. त्यावर तिला मोबाईलवरून घाणेरड्या शिव्या दिल्या गेल्या. शिव्या देणाऱ्यांतल्या कुणाचं काय गेलं होतं? हे मी पारावर बोललो तर एक पोरगा उसळला. "नाना, मंग काय ज्याच्या घरात फौजी त्यानंच बोलायचं का? देश आमचा न्हाई?" त्याचं म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नाही. देश त्याचाही आहे. आणि जखम झालेली सगळी माणसं त्या पोरीसारखंच बोलतात असंही नाही. पहलगामला गेलेल्यांच्या घरच्या काहींनी माऱ्यानंतर समाधान बोलून दाखवलं. त्यांचा तो हक्क, त्यावर मी कोण बोलणार! मी त्या पोराला एवढंच म्हटलं, "बोल की. पण त्या आळीत, वहिनींच्या दारात उभा राहून बोल. तिथं जे तोंडातनं निघंल ते तुजं मत." तो गेला नाही. रागानं गेला नाही की विचार करून गेला नाही, ते सांगता येत नाही.

१० मेनंतर पारावरचा विषय आठवड्यात बदलला. मेअखेरीस कधी नव्हे तो धो धो पाऊस लागला, रानाला वाफसा येईना. वहिनींची हळद तशीच पडून होती, बेण्याला कोंब फुटले होते. पोराचा रोज रात्री फोन यायचा, सुट्टीचं मात्र अजून ठरत नव्हतं. जूनमध्ये चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा मी, माझा धाकटा आणि लेकीकडून परत आलेले तात्या, असं आम्ही तिघांनी जाऊन त्यांच्या सऱ्या धरल्या. अर्धा एकर झालं. उरलेल्या रानात पाणी तुंबलं होतं, ते तसंच राहिलं.